कपाटातल्या बंदुकांचं काय?

अमेरिकेत बंदूक विकत घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तिचा विमा नीट उतरवायला लागतो. गंमत म्हणून नाही सांगत. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या सिस्टिममध्ये नाव तपासतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत होकार येतो, कार्ड स्वाइप, झालं! विम्यासाठी मात्र मी तीन एजंटांशी बोलले, चार पॉलिसी अथपासून इतिपर्यंत वाचल्या आणि एक अख्खा लाँग वीकेंड रायफलींचे फोटो काढण्यात घालवला.

आधी ओळख करून देते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही कोण काऊबॉयची बायको. मी कर्वेनगरची, नवरा ठाण्याचा, आणि आम्ही राहतो ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीमध्ये. नवरा सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरवाला आणि शनिवारी रायफलवाला. एच-१बी व्हिसावर असताना त्याने बंदुकीला हात लावला नाही, कारण १९९८ पासून इथल्या कायद्याने अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर सूट मिळते, पण आमच्याकडे शिकार म्हणजे फक्त सेलमधल्या टीव्हीची. त्यामुळे ग्रीन कार्ड येईपर्यंत बिचारा नुसती पुस्तकं वाचत बसला. कार्ड आलं आणि मग जे सुरू झालं, ते अकरा नगांवर येऊन थांबलंय. (थांबलंय, असं तो म्हणतो.)

पहिली रायफल कुठली घ्यावी? इशापूर! बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात साठच्या दशकात तयार झालेली, ली-एनफिल्डच्या घराण्यातली २ए१. आपल्या सैन्याची जुनी रायफल सरप्लस म्हणून जहाजातून अमेरिकेत आली आणि टेक्सासच्या एका गन शोमध्ये ठाणेकराच्या हातात पडली. पुढे एका म्हाताऱ्या कलेक्टरकडून एम-१ गॅरंड आली, मग १९६४ च्या आधीची विंचेस्टर मॉडेल ७०, मग जुनं कोल्ट पायथन रिव्हॉल्व्हर. ही नावं मला पाठ आहेत, कारण विम्याची यादी मी केलीय. मला स्वतःला बंदुकांचं प्रेम नाही. पण घरात एखाद्या गाडीच्या किमतीचं लोखंड आणि अक्रोडाचं लाकूड पडलेलं असेल, तर कागदपत्रं कुणीतरी बघायलाच हवीत.

कॉन्टेन्ट्स दोन लाखांचे, मग काळजी कसली?

आमच्या पलीकडच्या सबडिव्हिजनमध्ये राहणारं एक मराठी जोडपं २०२२ च्या दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं होतं. परत आले तर मागचं दार फोडलेलं. बेडरूमच्या क्लॉझेटमधल्या नऊ बंदुका गेल्या आणि तिच्या पाटल्या, तोडे, आईने दिलेला लक्ष्मीहार गेला. बंदुका साधारण सतरा हजार डॉलरच्या, सोनं त्याच्या जवळपास. दोघंही तसे निवांत होते. पॉलिसीवर घरातल्या सामानाची मर्यादा दोन लाख डॉलर होती, म्हणजे सगळं बसतंच की!

नाही बसत. इथल्या होमओनर्स पॉलिसीत दोन-चार पानं मागे गेलं की ‘स्पेशल लिमिट्स’ नावाचा एक साळसूद परिच्छेद असतो. सगळ्यात जास्त वापरात असलेल्या एचओ-३ नमुन्यात तो असं म्हणतो: चोरी झाली तर बंदुका आणि त्यांचं साहित्य मिळून २,५०० डॉलर, दागिने-घड्याळं-फर मिळून १,५०० डॉलर, चांदीची भांडी २,५०० डॉलर, रोख रक्कम २०० डॉलर. एका नगाला नव्हे, सगळ्यांना मिळून! कंपनीगणिक आकडा थोडा वरखाली होतो, पण तत्त्व हेच. डिडक्टिबल वजा जाता त्या दोघांच्या हाती किती रकमेचा चेक आला, ते मी इथे लिहीत नाही. ते हा लेख वाचणार आहेत.

यातली मेख नीट बघा. ही मर्यादा चोरीला आहे. त्याच बंदुका आगीत जळाल्या असत्या, तर त्या साध्या सामानात मोजल्या गेल्या असत्या. का? कारण बंदूक लहान, महाग आणि चोराला पटकन खपवता येणारी. विमा कंपनीचा हिशेब भावनेवर चालत नाही.

आणि आग लागली तरी हुश्श करण्यासारखं नाही. तुम्ही ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ची जास्तीची सोय घेतली असेल, म्हणजे जुन्या सोफ्याच्या बदल्यात नव्या सोफ्याची किंमत, तर त्या सोयीतून अँटिक आणि कलेक्टरच्या वस्तू सहसा वगळलेल्या असतात. साहजिकच आहे म्हणा, १९५० ची विंचेस्टर नवी कुठून आणणार? मग उरते घसारा कापलेली किंमत. ज्या वस्तूचा भाव दरवर्षी वाढतो, तिच्या घसाऱ्यावर क्लेमवाल्या माणसाशी वाद घालत बसायचं.

दोन रस्ते

पहिला रस्ता म्हणजे आहे त्याच पॉलिसीला शेपूट जोडायचं. याला ‘शेड्यूल’ करणं म्हणतात. प्रत्येक बंदूक नाव, सिरियल नंबर, किंमत अशी वेगळी लिहायची. फायदे भरपूर आहेत. चोरीची ती २,५०० ची कात्री लागत नाही, डिडक्टिबल बहुतेक नसतं, हातातून पडून दस्ता फुटला किंवा प्रवासात हरवली तरी कव्हर मिळतं. सावकाश चढणारा गंज आणि वाळवी-कसर मात्र कुणीच घेत नाही. ह्यूस्टनच्या दमट हवेत हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि सेफमध्ये ओलावा शोषणाऱ्या पुड्यांचा नवा डबा ठेवला.

इथे एक प्रश्न एजंटला विचाराच, आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या. यादीत लिहिलेली किंमत ही ‘मान्य किंमत’ आहे की नुसती वरची मर्यादा? पहिल्या प्रकारात पायथनपुढे तीन हजार लिहिलं तर तीन हजार मिळतात. दुसऱ्या प्रकारात तीन हजार म्हणजे जास्तीत जास्त तीन हजार, प्रत्यक्षात बाजारभाव, दुरुस्तीचा खर्च वगैरेंपैकी जे कमी असेल ते. दोन्हींचा प्रीमियम जवळपास सारखाच दिसतो, म्हणून लोक फसतात. मी ज्या एजंटबाईंना हे विचारलं, त्या आधी हसल्या, मग फोन होल्डवर ठेवून कुणालातरी विचारून आल्या. उत्तर दुसरं निघालं.

दुसरा रस्ता छंदी संग्रहांच्या वेगळ्या पॉलिसीचा. नाणी, तिकिटं, बाहुल्या, बंदुका यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्या इथे आहेत. तिथे सगळा संग्रह एकगठ्ठा घेतात आणि ठरावीक किमतीच्या वरचे नग तेवढे वेगळे लिहायला सांगतात. कलेक्टर मंडळींना हे आवडतं, कारण यादी द्यायची त्यांना मनापासून नावड. १९८६ च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारला बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करायला मनाई आहे, आणि इथल्या अनेकांना ही मनाई प्राणापलीकडे प्यारी. सरकारला दिली नाही ती यादी विमा कंपनीला का द्यायची, असा त्यांचा सवाल. मला तो अगदीच हास्यास्पद वाटत नाही. पण पैसे हवेत आणि कागद द्यायचा नाही, हे जगात कुठेच चालत नाही.

आम्ही दुसरा रस्ता धरला. वर्षाचा हप्ता नवऱ्याच्या महिन्याच्या काडतुसांच्या खर्चापेक्षा कमी आला, तेव्हा वादच मिटला.

पाणी

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा आमच्या घरात पाणी शिरलं नाही, तीन गल्ल्या सोडून शिरलं. होमओनर्स पॉलिसीत पूर नसतो, हे तोवर ह्यूस्टनमधल्या शाळकरी पोरालाही पाठ झालं होतं. पुरासाठी सरकारी योजनेची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, त्यात सामानाला कमाल एक लाख डॉलर, तेही घसारा कापून. आणि तिथेही एक साळसूद परिच्छेद आहेच: चित्रं, संग्राह्य वस्तू, दागिने वगैरे मिळून २,५०० डॉलर. शेड्यूल केलेल्या वस्तूंना आणि संग्रहाच्या पॉलिसींना मात्र पूर बहुतेक वेळा चालतो. सेफ आगीत टिकते म्हणून पाण्यातही टिकेल, असं धरून चालू नका. चिखलाच्या पाण्यात दोन दिवस राहिलेली रायफल बाहेरून पुसता येते, पण नळीच्या आतलं पोलाद आणि फुगलेलं लाकूड पूर्ववत होत नाही.

किंमत कोण ठरवणार?

नवऱ्याला विचारलं तर प्रत्येक रायफल कोहिनूर आहे. म्हणून त्रयस्थ लागतो. दरवर्षीच्या आवृत्त्यांमुळे सगळ्यांना माहीत असलेलं ‘ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज’ आहे. त्यात अवस्थेनुसार टक्के असतात, मूळचा रंग किती उरलाय यावर किंमत. आणि इथे आपल्या मराठी टापटीप स्वभावाला धक्का बसतो: जुनी बंदूक घासूनपुसून, नवीन रंग देऊन चकाचक केली की तिची किंमत वाढत नाही, धाडकन पडते! महाग नगांसाठी आम्ही लेखी मूल्यांकन करून घेतलं. पायथनचे भाव तर इतके हलतात की जुना आकडा ठेवण्यात अर्थ नाही. हे रिव्हॉल्व्हर १९५५ मध्ये आलं, मधे उत्पादन बंद पडलं, २०२० मध्ये कंपनीने पुन्हा सुरू केलं. मी दर दोन वर्षांनी आकडे तपासते.

यादीत प्रत्येक नगाचे चार फोटो आहेत: दोन्ही बाजू, सिरियल नंबर, खास शिक्के. एक प्रत ऑनलाइन, एक माझ्या बहिणीकडे न्यू जर्सीत. सेफमध्ये यादी ठेवण्यात काय अर्थ? सेफच गेली तर?

सिरियल नंबरचं महत्त्व मला त्या मित्राकडे बघून कळलं. पोलिसांनी पहिला प्रश्न तोच विचारला. नऊपैकी पाचांचे नंबर त्याच्याकडे नव्हते. नंबर असला तर चोरीची बंदूक देशभरातल्या पोलिसांच्या एनसीआयसी नोंदीत चढते आणि कुठे सापडली तर ओळख पटते. त्या पाचांची कुठेच नोंद नाही. पैशाचं दुःख त्याने सहा महिन्यांत पचवलं. पण टीव्हीवर गोळीबाराची बातमी आली की तो आजही उठून आतल्या खोलीत जातो. त्याला कुणी काही विचारत नाही.

म्हणून आमच्याकडे विम्याच्या आधी सेफ आली. जमिनीला बोल्टने आवळलेली. तिच्यावर यूएलचा ‘रेसिडेन्शियल सिक्युरिटी कंटेनर’ असा शिक्का आहे. भारी वाटतं ना? त्याच्या प्राथमिक पातळीचा अर्थ असा, की एका माणसाने साध्या हत्यारांनी हल्ला केला तर पाच मिनिटं तग धरेल. पाच! त्यामुळे अलार्म वेगळा. शिवाय घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. टेक्सासमध्ये भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी कुलपाची चावी माझ्याकडेच असती. बंदुकीने कुणाला इजा झाली तर काय, हा लायबिलिटीचा भाग वेगळाच. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेने २०२३ पासून बंदूकमालकांना तो विमा सक्तीचा केलाय. टेक्सासमध्ये असं काही सुचवून बघा!

पुण्या-मुंबईतल्या वाचकांना हे सगळं परग्रहावरचं वाटेल. तुमच्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्सवर दोनच बंदुका ठेवता येतात, आणि तेवढ्या तरी कोण ठेवतंय? पण तो साळसूद परिच्छेद तुमच्याही कपाटात आहे. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत दागिने, चांदी, चित्रं, जुन्या वस्तू मूळ कव्हरमध्ये येत नाहीत, जास्तीची सोय म्हणून वेगळ्या घ्याव्या लागतात. आणि साधी घरफोडी? मूळ पॉलिसीत चोरी आहे ती फक्त आग, पूर अशा घटनेनंतरच्या सात दिवसांतली. लॉकरमधून लग्नासाठी आणलेले दागिने दोन आठवडे घरात असतात तेव्हा ही पॉलिसी बाहेर काढून वाचा. परदेशात असाल तर मंगळसूत्राचं वजन आणि ते १,५०० डॉलर शेजारी शेजारी मांडून बघा.

आमच्या यादीत एकच गोष्ट नाही. खडकीच्या कारखान्यात बनलेली .३०३ ची दहा काडतुसं, बुडाशी के आणि एफ ही अक्षरं. इशापूरला ती चालतही नाहीत, ती ७.६२ ची. इथल्या रेंजवरचे जुने नेमबाज के-एफ बघितलं की लांब सरकतात, कारण चाप ओढल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग अचानक बार उडतो. मूल्यांकन करणाऱ्या माणसाने किंमत शून्य लिहिली. नवऱ्याने ती एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात घालून सेफच्या वरच्या कप्प्यात ठेवलीत, आणि पुण्याहून कुणी पाहुणा आला की पायथनच्या आधी तो डबा बाहेर निघतो.