प्राध्यापकीचे पहिले सत्र: काय मोजले जाते आणि काय नाही?

शाळेत शिकवायचे तर डीएड किंवा बीएड लागते. महाविद्यालयात शिकवण्यासाठी तशी पदवी लागत नाही. पदव्युत्तर शिक्षण झाले, नेट किंवा सेट निघाली की उमेदवार थेट वर्गासमोर उभा राहतो. विषय येतो, पण तो शिकवायचा कसा हे कुणी शिकवलेले नसते. त्यात पहिली नेमणूक बहुतेकदा तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर असते. त्यामुळे नव्या प्राध्यापकासमोर एकाच वेळी दोन कामे येतात. एक, वर्ग सांभाळणे. दोन, आज केलेले काम उद्याच्या नोकरीसाठी मोजले जाईल याची काळजी घेणे. ही दोन्ही कामे नेमकी कशी चालतात, ते समजून घेऊ.

पात्रता कोणती?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट आवश्यक आहे. राखीव प्रवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत मिळते. विद्यापीठातील विभागांसाठी पीएचडी सक्तीची होणार होती. मात्र २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि नेट, सेट हीच किमान अट राहिली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

नेटच्या पहिल्या पेपरमध्ये दहा घटकांवर ५० प्रश्न असतात. त्यातला अध्यापनाचा घटक एक, म्हणजे प्रश्न पाच. शिकवण्याची परीक्षा इथेच संपते. बाकी सगळे वर्गात उभे राहूनच शिकायचे.

नेमणूकपत्र नीट वाचा

नियमित सहायक प्राध्यापकाची सुरुवात शैक्षणिक वेतन स्तर १० वर, ५७,७०० रुपये मूळ वेतनाने होते. तासिकेवरच्या प्राध्यापकाला पगार नसतो, घेतलेल्या तासांचे मानधन असते. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे मार्गदर्शन केले. प्रत्यक्ष दर मात्र राज्य सरकार ठरवते.

या पद्धतीचे गणित उदाहरणाने पाहू. समजा तासिकेला १,००० रुपये दर आहे. महिन्यात ३६ तासिका झाल्या तर ३६,००० रुपये मिळतील. दिवाळीच्या महिन्यात १२ झाल्या तर १२,००० रुपये. परीक्षा आणि उन्हाळी सुटीत वर्ग नसतात, म्हणजे मानधनही नसते. गावाकडून रोज ये-जा करायची की परभणीत खोली घ्यायची, हा निर्णय या आकड्यांवर ठरतो. त्यामुळे दर तासिकेचा किती, आठवड्याला तासिका किती, मानधन दरमहा की सत्राच्या शेवटी, हे तीन प्रश्न रुजू होण्याआधीच विचारावेत.

इतके प्राध्यापक तासिकेवर का?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावे, असे म्हटले आहे. दुसरीकडे राज्यात मे २०१७ पासून पदभरतीवर निर्बंध आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला मंजुरी मिळाली. भरती पूर्ण होण्याआधीच कोरोना आला. उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा मान्यता मिळाली ती २०२१ मध्ये. या काळात निवृत्ती थांबली नाही आणि वर्गही थांबले नाहीत. रिकाम्या जागांवरचे तास तासिकेवरच्या प्राध्यापकांनी घेतले.

अनुभव कुठे मोजला जातो?

अनेक नवे प्राध्यापक इथेच फसतात. अनुभव दोन ठिकाणी लागतो आणि दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत.

पहिले ठिकाण मुलाखतीसाठीच्या निवड यादीचे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी १०० गुणांचा तक्ता आहे. त्यातील कमाल गुण असे:

• पदवी: २१
• पदव्युत्तर पदवी: २५
• पीएचडी: २५
• जेआरएफसह नेट १०, फक्त नेट ८, सेट ५
• संशोधन लेख: प्रत्येकी २, कमाल ६
• अध्यापन अनुभव: वर्षाला २, कमाल १०
• पुरस्कार: ३

म्हणजे पाच वर्षे शिकवून जास्तीत जास्त १० गुण मिळतात, तर पीएचडीला २५. तासिकेच्या धावपळीत पीएचडीची नोंदणी पुढे ढकलली जाते, ती महागात पडते. शिवाय हे गुण फक्त मुलाखतीच्या यादीपर्यंत नेतात. तासिकेचा अनुभव कोणत्या अटींवर धरला जाईल, हे प्रत्येक जाहिरातीत तपासावे.

दुसरे ठिकाण पदोन्नतीचे. नियमित झाल्यावर आधीची तात्पुरती सेवा धरायची असेल तर इतर अटींबरोबर तीन गोष्टी पाहिल्या जातात. तेव्हाची पात्रता नियमित पदाइतकीच होती का? नेमणूक रीतसर निवड समितीमार्फत झाली होती का? आणि मिळणारे एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी तर नव्हते ना? तासिकेचे मानधन या तिसऱ्या अटीवरच अडकते. म्हणूनच तासिकेवर घालवलेली वर्षे वर्गात कामी येतात, सेवापुस्तकात सहसा येत नाहीत.

श्रेयांकाचे गणित

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातील संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथेही आता मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्य अभ्यासक्रम अशी विभागणी आहे. नव्या प्राध्यापकाच्या वाट्याला बहुधा छोटे, दोन श्रेयांकांचे विषय येतात.

थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३०. दोन श्रेयांकांच्या थिअरीला ३० तास, म्हणजे १५ आठवडे दोन-दोन तास. कागदावर हे सरळ दिसते. पण गणपती, दसरा, अंतर्गत परीक्षा आणि एखादा कार्यक्रम यांत सहा तास सहज जातात. उरतात २४. म्हणून अध्यापनाचे नियोजन २४ तासांचेच करावे आणि राहिलेले सहा उजळणीला ठेवावेत. ३० तासांचे नियोजन करणाऱ्याचा शेवटचा घटक ‘नोट्स वाचून घ्या’ यावर संपतो.

पोखर्णीची मुले वर्गात कधी येतात?

नृसिंह मंदिरासाठी ओळखले जाणारे पोखर्णी परभणी-परळी रेल्वेमार्गावर, परभणी आणि गंगाखेडच्या दरम्यान आहे. अशा गावांतली मुले महाविद्यालयात येतात ती रेल्वे किंवा एसटीच्या वेळेवर. गाडीला उशीर झाला की पहिल्या तासाची पहिली दहा मिनिटे जातात. त्यामुळे नवी संकल्पना तासाच्या सुरुवातीला मांडू नये. ती दहा मिनिटे मागच्या तासाच्या प्रश्नांना द्यावीत.

दुसरे वेळापत्रक शेताचे. या भागात सोयाबीन आणि कापूस ही खरिपाची मुख्य पिके. सप्टेंबरअखेर सोयाबीनची काढणी सुरू होते, मागोमाग कापसाची वेचणी. वर्ग रिकामे दिसू लागले की मुलांना गोडी नाही असा समज होतो. अनेक घरांत त्या दिवसांत माणूसबळ लागते, हे खरे कारण असते. अवघड घटक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकले तर ही मुले मागे पडत नाहीत.

तिसरा मुद्दा भाषेचा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला संकल्पना माहीत असते, इंग्रजी शब्द नवा असतो. भौतिकशास्त्रात ‘स्पीड’ म्हणजे चाल आणि ‘व्हेलॉसिटी’ म्हणजे वेग. बोलताना मात्र आपण दोन्हीला वेगच म्हणतो. हा फरक पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिला तर पुढचा गोंधळ टळतो. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन उपलब्ध आहेत. प्रत्येक घटकाचे दहा-पंधरा शब्द दोन्ही भाषांत काढून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणे फारसे अवघड नाही.

प्रशिक्षण कुठे मिळते?

यूजीसीच्या ‘गुरु-दक्षता’ आराखड्यात नव्या प्राध्यापकांसाठी महिनाभराचा प्रवेशक कार्यक्रम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावरचे छोटे ऑनलाइन वर्गही घेतले जातात. अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या नव्या शिक्षकांसाठी एआयसीटीईचा आठ मोड्यूलचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. पण सर्वांत जवळचे प्रशिक्षण त्याच महाविद्यालयात असते. अनुभवी प्राध्यापकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची परवानगी मागावी.

पहिल्या महिन्यात एवढे कराच

• नेमणूकपत्र आणि रुजू अहवालाची प्रत जपून ठेवा. विद्यापीठाच्या मान्यतेचा प्रस्ताव गेला का, हे कार्यालयात विचारा.
• घेतलेल्या प्रत्येक तासाची तारीख, वर्ग आणि घटक यांची स्वतःची नोंद ठेवा. मानधनाचे बिल या नोंदीशी ताडून पाहा.
• सत्राअखेरीस अनुभव प्रमाणपत्र मागून घ्या. त्यावर कालावधी, विषय आणि नेमणुकीचे स्वरूप स्पष्ट असावे.
• विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रम घ्या. जुन्या नोट्सवर विसंबू नका.
• तिसऱ्या आठवड्यात पाच प्रश्नांची निनावी चिठ्ठी घ्या: काय कळले, काय नाही, बोलणे ऐकू येते का, फळा दिसतो का, गाडी कितीची आहे.
• आठवड्यातले काही तास पीएचडीसाठी ठरवून ठेवा.

तासिकेवरचा प्राध्यापक वर्षअखेर जाईल की राहील, हे विद्यार्थ्याला माहीत नसते. त्याच्यासाठी तो त्या विषयाचा एकमेव शिक्षक असतो. नियमित नेमणुकीचा निर्णय महाविद्यालयाबाहेर होतो. सत्र कसे जाते, हे मात्र बरेचसे त्या २४ तासांच्या नियोजनावर ठरते.