कळसूबाई आणि कमरेचा पट्टा

आमच्या घोटीत भाताच्या गिरण्या. ताटात रोज भाताचा डोंगर आणि दक्षिणेला खरा डोंगर, कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच! २०२२ च्या नवरात्रात बारी गावातून चढू लागलो आणि पहिल्या लोखंडी शिडीपाशीच मटकन बसलो. शेजारून साठीच्या एक आजीबाई अनवाणी, पूजेचे ताट सावरीत वर गेल्या. आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत. तेच अधिक लागले.

डॉक्टरांनी कंबर मोजली : १०२ सेंटिमीटर. वाचकहो, आपल्याकडे पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० ही मर्यादा. त्यापुढची पोटातली चरबी मधुमेहाला आमंत्रण देते. आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. एका चढाईने काय व्हायचे? खाली उतरून भजी खाल्ली की जमाखर्च पुन्हा तोच!

म्हणून पहाटे पाऊण तास झपझप चालणे आणि रात्री भाताऐवजी एक भाकरी व वाटीभर उसळ. उपास मात्र केले नाहीत. चाळिशीनंतर स्नायू झिजतातच, उपाशी राहून ते अधिक झिजतात.

२०२४ च्या नवरात्रापर्यंत कंबर ९४ वर आली. पट्ट्याला भोके पाडली, ती या खेपेस आतल्या बाजूला. त्या शिडीपाशी पुन्हा थांबलो, पण उभ्यानेच.