‘स्पॉक्स ब्रेन’ : एका अपयशाची मीमांसा

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एन. बी. सी. वाहिनीवर सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी, ७९ भागांनंतर, संपली. तिच्या तिसऱ्या आणि अखेरच्या पर्वाचा आरंभ २० सप्टेंबर १९६८ रोजी ‘स्पॉक्स ब्रेन’ या भागाने झाला. मालिकेचे निष्ठावंत प्रेक्षकही या भागाची गणना तिच्या अत्यंत सुमार भागांत करतात. हा निर्णय मान्य केला, तरी त्याची नेहमी दिली जाणारी कारणे मात्र तपासून पाहण्याजोगी आहेत.

कथानक थोडक्यात असे : एक अनोळखी स्त्री अंतराळयानावर प्रकट होते, सर्वांना बेशुद्ध करते आणि स्पॉक या अधिकाऱ्याचा मेंदू काढून नेते. चोवीस तासांच्या आत तो परत मिळवावयाचा असतो. शोध घेत कॅप्टन कर्क एका हिमाच्छादित ग्रहावर येतो. तेथे पुरुष पृष्ठभागावर रानटी अवस्थेत जगतात, तर स्त्रिया भूगर्भातील सुसज्ज नगरीत. त्या नगरीची सारी यंत्रणा चालविण्यास एक जिवंत मेंदू लागतो, आणि स्पॉकचा मेंदू तेथे बसविलेला असतो.

मेंदूविना उभे असलेले स्पॉकचे शरीर डॉक्टर मॅकॉय बटणे दाबून चालवितो, हे दृश्य हास्यास्पद आहे यात शंका नाही. परंतु असंभाव्यता हा विज्ञानकथेतील दोष मानला, तर याच मालिकेतील ‘द डेव्हिल इन द डार्क’ (१९६७) हा भागही बाद करावा लागेल. तेथे सिलिकॉनचा देह असलेला प्राणी खडक पोखरीत फिरतो आणि खाणकामगारांना ठार मारतो. पण ज्यांना कामगार निरुपयोगी गोळे समजून फोडीत होते ती त्या प्राण्याची अंडी होती, हे उमगताच अपराधी कोण हा प्रश्नच पालटतो. असंभाव्य कल्पनेतून एक खराखुरा नैतिक पेच तेथे उभा राहतो. विशेष म्हणजे दोन्ही कथांचा लेखक एकच, जीन एल. कून. ‘स्पॉक्स ब्रेन’ त्याने ली क्रोनिन या टोपणनावाने लिहिली.

मग न्यून कोठे आहे? पेच येथेही आहे, किंबहुना अधिक तीव्र आहे. स्पॉकचा मेंदू काढून घेतला तर एक संपूर्ण नगरी मृत्यूच्या छायेत जाते. एका मित्राचे प्राण मोलाचे की त्या अज्ञ समाजाचे? स्वतः स्पॉक, जो एरवी तर्कापुढे स्वतःचीही पर्वा करीत नाही, या प्रश्नाचे काय उत्तर देईल? त्याचा मेंदू यंत्रातून बोलतो, कर्कशी संभाषणही करतो. म्हणजे प्रश्न विचारण्याची सोय कथेतच होती. तरी तो कोणी गंभीरपणे विचारीत नाही. त्या स्त्रियांनी आता वर जाऊन पुरुषांसह जगावयास शिकावे, त्यांना साहाय्य मिळेल, असे कर्क सांगतो आणि प्रकरण मिटते.

दुसरी कल्पना याहूनही मोलाची होती. पूर्वजांचे ज्ञान एका यंत्रात साठविलेले आहे. ते मस्तकावर धारण केले की सुमारे तीन तास पांडित्य प्राप्त होते आणि पुढे ओसरते. उसन्या विद्येवर जगणाऱ्या समाजाचे याहून मार्मिक रूपक क्वचितच सापडेल. (आम्हां अध्यापकांना तर ते थोडे झोंबावे असे आहे!) कथेत मात्र त्याचा उपयोग मॅकॉयला शस्त्रक्रिया साधावी एवढ्यापुरताच होतो.

या ऱ्हासाचे खापर बहुधा परिस्थितीवर फोडले जाते, आणि परिस्थिती प्रतिकूल होती हे खरे. प्रेक्षकांच्या पत्रांच्या वर्षावानंतर मालिका चालू राहिली, पण तिला शुक्रवारी रात्री दहाची गैरसोयीची वेळ मिळाली. मूळ निर्माता जीन रॉडेनबेरी प्रत्यक्ष कामातून दूर झाला, फ्रेड फ्रायबर्गरकडे सूत्रे आली, खर्चालाही कात्री लागली. पैशाच्या टंचाईने नेपथ्य दरिद्री होते. पात्राच्या तोंडी एक प्रश्न घालण्यास मात्र पैसा लागत नाही.

अखेरच्या दृश्यात शुद्धीवर आलेला स्पॉक अखंड बोलत सुटतो आणि सहकारी हसतात. त्या नगरीचे पुढे काय झाले, हे उरलेल्या २३ भागांत एकदाही विचारले गेले नाही.