जपान: ऐकीव आणि प्रत्यक्ष

जपानबद्दलचा एक मजकूर गेली कित्येक वर्षं व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तिथे तिसरीपर्यंत परीक्षाच नसते, सफाई कामगाराला 'हेल्थ इंजिनियर' म्हणतात आणि महिन्याला पाच ते आठ हजार डॉलर पगार देतात, गाड्यांना वर्षभरात मिळून सात सेकंद उशीर होतो, वगैरे. जपानला जाऊन आलेली माणसंही थोड्याफार फरकाने असंच सांगतात, कारण सहलीत दिसलेलं या मजकुराशी जुळतं. स्टेशनं चकचकीत, गाडी वेळेवर, विसरलेला मोबाइल परत मिळाला. मग निष्कर्ष ठरलेला: "त्यांच्या रक्तातच आहे ते." मला हे वाक्य खोटं वाटतं आणि जपानी लोकांवर अन्याय करणारंही वाटतं. आपण ज्याला रक्तातला गुण समजतो, त्यातलं बरंचसं त्यांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत कायदे करून, एकमेकांशी भांडून, पैसा ओतून आणि काही वेळा माणसं गमावून उभं केलं आहे. काही गोष्टी तर मुळात तशा नाहीतच.

आधी त्या मजकुराचं बघू. जपानच्या प्राथमिक शाळेत पहिलीपासून चाचण्या होतात आणि सत्राच्या शेवटी प्रगतिपुस्तक घरी येतं. पुढे प्रवेश परीक्षांचा ताण इतका की संध्याकाळचे खासगी क्लास हा तिथला मोठा धंदा आहे. 'हेल्थ इंजिनियर' असं पद नाही. आठ हजार डॉलर राहू द्या, पाच हजार डॉलर म्हणजेसुद्धा महिन्याला सात लाख येनच्या पुढे जातात. 2023 मध्ये जपानमधल्या पगारदाराची सरासरी कमाई वर्षाला सुमारे 46 लाख येन होती, म्हणजे महिन्याला चार लाखांच्याही आत. सफाईची कामं बहुधा किमान वेतनाच्या आसपास असतात. टोकियोत ऑक्टोबर 2024 पासून ते ताशी 1,163 येन होतं. या कामगारांना मान मिळतो हे खरं, पण पगार फुगवून सांगितल्याने तो मान वाढत नाही.

मुलं शाळा झाडतात, हे मात्र खरं आहे. रोज पंधरा-वीस मिनिटं वर्ग, जिने, व्हरांडे साफ करायचे, पाळीपाळीने जेवण वाढायचं, हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्यासाठी तास राखून ठेवलेले असतात आणि शिक्षकांना ते कसं घ्यायचं हे शिकवलेलं असतं. इजिप्तने ही पद्धत उचलली आणि 2018 पासून तशा सरकारी शाळा सुरू केल्या. रक्तातली गोष्ट अशी दुसऱ्या देशात नेता आली नसती.

स्वच्छतेबद्दलचा समज सर्वांत घट्ट, म्हणून त्यावर थोडं थांबतो. आज झळझळीत दिसणारं टोकियो 1960 च्या आसपास घाणेरडं शहर होतं. सुमिदा नदीला इतकी दुर्गंधी होती की तिच्या काठावर पूर्वापार चालत आलेली आतषबाजी 1961 नंतर बंद पडली. नदीचं प्रदूषण हे त्याचं एक मोठं कारण. ती पुन्हा सुरू व्हायला 1978 उजाडलं. 1964 च्या ऑलिंपिकपूर्वी परदेशी पाहुण्यांसमोर लाज जाऊ नये म्हणून शहर सुशोभीकरणाची मोहीम काढावी लागली. लोकांनी रस्त्यावर कचरा टाकू नये, हे तेव्हा त्यांना सांगावं लागत होतं. 1965 च्या उन्हाळ्यात युमेनोशिमा या कचरा टाकून बनवलेल्या बेटावरून माश्यांच्या झुंडी जवळच्या कोतो वॉर्डात घुसल्या. घरं, शाळा, काहीच सुटलं नाही. शेवटी तो कचऱ्याचा डोंगर पेटवून द्यावा लागला.

त्यानंतर झालं ते भांडण. सगळ्या टोकियोचा कचरा कोतोमध्ये येत होता आणि रोज हजारो ट्रक तिथल्या रस्त्यांवरून जात होते. दुसरीकडे सुगिनामी या सुखवस्तू वॉर्डातल्या लोकांनी आपल्या भागात कचरा जाळण्याचा प्रकल्प होऊ द्यायला साफ नकार दिला. 1971 मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे र्‍योकिची यांनी विधानसभेत कचऱ्याविरुद्ध 'युद्ध' पुकारलं. कोतोच्या प्रतिनिधींनी आणि रहिवाशांनी रस्त्यात उभं राहून सुगिनामीचे ट्रक अडवले. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांना पुण्याच्या गाड्या अडवताना ज्याने पाहिलं आहे, त्याला यात काही नवल वाटणार नाही. फरक पुढे पडला. ज्याचा कचरा त्याने आपल्या हद्दीत निस्तरावा, हे तत्त्व टोकियोत मान्य झालं. सुगिनामीचा प्रकल्प कोर्टकचेऱ्यांनंतर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भर वस्तीत, ताकाइदो स्टेशनजवळ उभा राहिला. आज टोकियोच्या अनेक वॉर्डांत उंच धुरांडी दिसतात, अगदी शिबुयासारख्या झगमगत्या भागातही. पर्यटक त्यांचा फोटो काढत नाहीत. मला मात्र टोकियोची स्वच्छता समजून घ्यायला ही धुरांडी मंदिरांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात.

घरातली शिस्तही यानंतर हळूहळू बसली. गल्लीच्या कोपऱ्यावर ठरलेली जागा असते. तिथे सकाळी आठच्या आत पिशवी ठेवायची आणि कावळ्यांनी फाडू नये म्हणून वर जाळी ओढायची. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, बाकीच्या प्रकारांचे दिवस वेगळे. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढायचं, लेबल सोलायचं, बाटली विसळून चेपायची. दुधाचा खोका कात्रीने उलगडून, धुऊन, वाळवून सपाट करायचा. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडी नेत नाही. तिच्यावर कारणाची चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडतात, आणि शेजारीपाजारी ती दिवसभर बघतात. या नजरेचा धाक मोठा असतो.

एवढं वेगळं केलेलं सगळं पुनर्वापरात जातं, असा पुढचा समज. तसं होत नाही. जपानमधला घरगुती कचरा मुख्यतः जाळला जातो. पुनर्वापराचं प्रमाण सुमारे वीस टक्के आहे आणि युरोपातले अनेक देश या बाबतीत बरेच पुढे आहेत. दरडोई प्लास्टिक वेष्टनांच्या कचऱ्यात अमेरिकेखालोखाल जपानचा नंबर लागतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2018 मध्ये नोंदवलं. एकेका बिस्किटाला वेगळं वेष्टन बघितलं की हे पटतं. रस्त्यावर कचराकुंड्या सापडत नाहीत, त्याचंही कारण पर्यटकांना वाटतं तसं निव्वळ संस्कृतीत नाही. 20 मार्च 1995 रोजी ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला. त्यानंतर सुरक्षेसाठी स्टेशनांवरच्या आणि सार्वजनिक जागांवरच्या कुंड्या मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. लोक तेव्हापासून कचरा पिशवीत घालून घरी नेऊ लागले.

गाड्यांचं वेळापत्रक ही दुसरी दंतकथा. शिंकान्सेन 1 ऑक्टोबर 1964 ला सुरू झाली. तेव्हापासून टक्कर होऊन किंवा रुळावरून घसरून तिच्यातला एकही प्रवासी दगावलेला नाही. ती कधी घसरलीच नाही असं मात्र नाही. 2004 च्या निईगाता भूकंपात एक धावती गाडी घसरली होती, सुदैवाने जीवितहानी झाली नाही. तिचा सरासरी उशीर गाडीमागे मिनिटाच्या आसपास असतो. यामागे रक्ताचा संबंध नाही. या गाडीचे रूळ स्वतंत्र आहेत, 1964 च्या मूळ मार्गावर एकही फाटक नाही आणि वेगावर यंत्रणेचं नियंत्रण आहे. टोकियो स्टेशनात सफाई पथक सात मिनिटांत गाडी झाडून, आसनं फिरवून मोकळं होतं. मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी हेच तंत्र निवडलं आहे, तेव्हा यातला कोणता भाग विकत घेता येतो आणि कोणता घडवावा लागतो, हे आपल्याला लवकरच कळेल.

शिंकान्सेन म्हणजे सगळी जपानी रेल्वे नव्हे. टोकियोच्या लोकल गर्दीच्या वेळी रोज दोन-पाच मिनिटं रखडतात. ऑफिसात दाखवायला उशिराचा दाखला मिळतो, स्टेशनवर कागदावर आणि आता वेबसाइटवरही. काही मार्गांवर महिन्यातल्या निम्म्याहून अधिक कामाच्या दिवशी असे दाखले दिले जातात. 2017 मध्ये गाडी वीस सेकंद आधी सुटली म्हणून त्सुकुबा एक्स्प्रेसने माफी मागितली, ती बातमी जगभर कौतुकाने वाचली गेली. 25 एप्रिल 2005 ला काय झालं, हे त्या मानाने फार थोड्यांना माहीत असतं. आमागासाकीजवळ 23 वर्षांचा एक मोटरमन आधीच्या स्टेशनावर ठरलेल्या जागेच्या पुढे गेला आणि गाडीला दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला. तो भरून काढताना ताशी 70 किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी 116 च्या वेगाने शिरली आणि रुळावरून उडून एका निवासी इमारतीत घुसली. त्याच्यासह 107 माणसं गेली. तपासात पुढे आलं की चूक करणाऱ्या चालकांना ही गाडी चालवणाऱ्या जेआर वेस्ट कंपनीत 'फेरप्रशिक्षणा'च्या नावाखाली दिवसेंदिवस अहवाल लिहायला लावत, अपमानास्पद बोलणी ऐकवत. त्या तरुणाने हे आधीही भोगलेलं होतं. त्यानंतर त्या मार्गाचं वेळापत्रक सैल केलं गेलं आणि वेग आवरणारी नवी यंत्रणा बसवली गेली. वक्तशीरपणाचं कौतुक करताना ही घटना वगळली, तर आपण जपानकडून निम्मंच शिकतो.

हरवलेलं पाकीट परत मिळतं, हे पुष्कळ अंशी खरं. 2023 मध्ये एकट्या टोकियोत पोलिसांकडे 40 लाखांहून अधिक वस्तू जमा झाल्या. सुमारे 440 कोटी येन रोख होती आणि त्यातली तीन-चतुर्थांशाच्या आसपास मूळ मालकांना परत गेली. माणसं प्रामाणिक आहेतच. पण त्या प्रामाणिकपणाला वाट करून दिलेली आहे. चौकाचौकात छोटी पोलीस चौकी असते, तिथे अर्ज भरून पावती मिळते. सापडलेल्या वस्तूच्या किमतीच्या पाच ते वीस टक्के बक्षीस कायद्याने मागता येतं, तीन महिन्यांत मालक न आल्यास वस्तू सापडणाऱ्याची होते, आणि खिशात घातली तर तो गुन्हा आहे. हा कायदा पहिल्यांदा 1899 मध्ये झाला. याच शहरात छत्र्या लाखोंनी जमा होतात आणि शंभरात जेमतेम एखादीच मालकाकडे परत जाते. छत्रीसाठी अर्ज भरायला कुणी येत नाही. सायकली तर सर्रास चोरीला जातात. देशभरात वर्षाला लाखाहून अधिक तक्रारी होतात, म्हणूनच प्रत्येक सायकलीची नोंदणी सक्तीची आहे.

रात्री एकटीने फिरता येतं म्हणून बायकांसाठी जपान पूर्ण सुरक्षित, हे विधानही तपासून घ्यायला हवं. रस्त्यावरच्या हिंसेचं प्रमाण खरोखर कमी आहे. पण गर्दीच्या गाडीत होणारे किळसवाणे स्पर्श ही तिथली जुनी, उघड समस्या आहे. त्यामुळेच 2000-01 पासून टोकियोच्या केइओ मार्गावर आणि पुढे इतरत्र महिलांसाठी राखीव डबे आले. मुंबईच्या बायकांना त्यांची गरज समजावून सांगायला नको.

रोबोंचा देश, हीसुद्धा अर्धीच गोष्ट. सरकारी कामांसाठी फ्लॉपी डिस्क देण्याचे नियम 2024 मध्ये निघाले. रोखीशिवायचे व्यवहार त्याच वर्षी कुठे 40 टक्क्यांवर गेले. भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देणाऱ्याने तिथे खिशात नाणी ठेवावीत, लहान हॉटेलांत आणि देवळांत ती लागतातच. जपानी माणूस सतत कामात बुडालेला असतो, हा समजही तसाच. जपानी कामगाराचे सरासरी तास आता वर्षाला सुमारे 1,600, म्हणजे अमेरिकनापेक्षा कमी आहेत. अर्धवेळ काम करणाऱ्यांमुळे सरासरी खाली येते, हे खरं. पण 2019 पासून जादा कामावर कायद्याने महिन्याला 45 तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली, हेही खरं आहे.

शेवटी जेवण, कारण आपल्याकडचे शाकाहारी प्रवासी यात हमखास फसतात. बौद्ध देश, म्हणजे शाकाहार सोपा, असा हिशेब घरून निघतानाच केलेला असतो. सम्राट तेन्मूने इसवी सन 675 मध्ये मांसावर बंदी घातली होती, पण ती गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी एवढ्यांपुरती, आणि वर्षातले ठरावीक महिनेच. मासे त्या यादीत नव्हते. पुढे 1872 मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि उरलेला संकोचही गेला. आज अडचण ताटातल्या तुकड्यांची नसते, ती रश्शात असते. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, उकडलेल्या भाज्या, टोफूवरचा सॉस, या सगळ्याचा पाया बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. दुकानातल्या करीच्या वड्यांत अनेकदा प्राण्यांची चरबी असते. "मांस नको" म्हटल्यावर वेटर प्रामाणिकपणे मान डोलावतो आणि माशाच्या रश्श्यातली भाजी आणून ठेवतो. म्हणून मांस, मासे आणि माशाचा अर्क, तिन्ही चालत नाहीत, असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ असावी.

निर्धास्त जेवायचं असेल तर वाकायामा प्रांतातलं कोयासान गाठावं. डोंगरमाथ्यावरच्या या मठनगरीत पन्नासच्या आसपास मठ प्रवाशांना उतरू देतात आणि जेवण भिक्षूंच्या पद्धतीचं, समुद्री शेवाळ आणि मशरूमच्या रश्श्यातलं असतं. वाकायामा आणि महाराष्ट्र यांच्यात 2013 पासून करार आहे, आणि कोयासान विद्यापीठात 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला. मठातलं रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच वाढतात. ओसाकाहून दुपारची गाडी पकडली तर वेळेत पोहोचता येतं.