फोटोवरून मुखपृष्ठाचं चित्र: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोणगाव-मेहकर भागात कुणाचा कवितासंग्रह निघतो, कुणी वडिलांच्या पुण्यस्मरणाची पुस्तिका छापतं, कुणी भजनांचा अल्बम यूट्यूबवर टाकतं. मुखपृष्ठासाठी घरातला एखादा फोटो डीटीपीवाल्याकडे जातो आणि सोबत निरोप असतो, ‘याचं चित्र करून द्या, संध्याकाळपर्यंत.’ काम एवढंसं वाटतं, म्हणूनच पुस्तक हाती आल्यावर हिरमोड होतो.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे फिल्टर लावला की चित्र झालं. फिल्टरला आजोबांचा चेहरा आणि मागची मोटारसायकल यांतला फरक कळत नाही. तो दोन्हींवर सारख्याच रेघोट्या ओढतो. एआय चित्र गुळगुळीत देतं, पण पुष्कळदा चेहरा भलत्याच माणसाचा होतो. चित्रकाराचं खरं काम वगळण्याचं. फेटा बांधलेल्या आजोबांचा फोटो घ्या. तो आधी खालच्या लेअरवर फिका करून ठेवायचा. उजेड कुठून येतो ते ठरवायचं आणि चेहरा तीन छटांत बसवायचा: उजेड, मधला रंग, सावली. प्रत्येक सुरकुती रेखाटली तर माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. डोळ्यांच्या कडेच्या दोन-तीन आणि नाकापासून ओठापर्यंतची एक, एवढ्या पुरतात. फेट्याचे सगळे पीळ नकोत. सावलीकडची कड पार्श्वभूमीत विरली तरी चालते. बुबुळातला उजेडाचा ठिपका मात्र चुकवायचा नाही, तो गेला की नजर विझते. मोटारसायकल काढून वर मोकळी जागा ठेवायची, कारण तिथे पुस्तकाचं नाव यायचं आहे.

फोटोवरून काढणं ही लबाडी, असंही काहींना वाटतं. राजा रविवर्मा फोटोंचा आधार घेत. अमेरिकेत मासिकांची मुखपृष्ठं रंगवणारा नॉर्मन रॉकवेल तर माणसं उभी करून फोटो काढवून घेई आणि मग त्यांवरून चित्र करी. फोटोतून बाह्यरेषा मिळते. निवड आपणच करायची असते.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालतो का? मोबाइलवर तो छान दिसतो, पण साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलपर्यंत आकसते. साडेपाच बाय साडेआठ इंची मुखपृष्ठ 300 पीपीआयने छापायला 1650 बाय 2550 पिक्सेल लागतात, कटिंगसाठी चारी बाजूंनी 3 मिमी वेगळे. चित्र पुन्हा काढायचं असल्यामुळे लहान फोटो निव्वळ संदर्भ म्हणून चालून जातो, पण पापण्या आणि दागिने अंदाजाने काढावे लागतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली की ती जशीच्या तशी पोचते.

सगळ्यात महागात पडणारा समज मात्र हा: गूगलवरचा फोटो उचलून 30 टक्के बदलला की तो आपला. असा टक्का कॉपीराइट कायद्यात कुठेच नाही. अमेरिकेतलं एक प्रकरण पाहा. 1981 मध्ये छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी गायक प्रिन्सचा फोटो काढला. 1984 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने 400 डॉलर देऊन फक्त एकदा वापरण्याची परवानगी घेतली आणि चित्रकार अँडी वॉरहॉलकडून त्यावर चित्र करून घेतलं. वॉरहॉलने त्याच फोटोवरून आणखीही चित्रं केली. 2016 मध्ये प्रिन्स वारल्यावर त्यांतलं एक विशेषांकाच्या मुखपृष्ठावर आलं. वॉरहॉल फाउंडेशनला 10,000 डॉलर मिळाले, गोल्डस्मिथ यांना छदामही नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्कही छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं टिकतो. पण पैसे देऊन स्वतःसाठी काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, 1957 च्या कायद्यानुसार काढून घेणाऱ्याचा. घरच्या समारंभाच्या फोटोंना ही तरतूद फार उपयोगी पडते, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते.

राहिला रंग. जून 2020 मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं. ते चित्र मुखपृष्ठावर घ्यायचं, तर स्क्रीनवरचा झगझगीत गुलाबी छपाईच्या चार शायांतून तसाच उतरत नाही, तो मळकट होतो. म्हणून फाइल आधी सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांच्या रंगपद्धतीत, बदलून पाहावी, भोवतीचा हिरवा थोडा गडद करावा म्हणजे गुलाबी उठून दिसतो, आणि ज्या कागदावर पुस्तक छापायचं त्याच कागदावर एक प्रूफ काढून घ्यावं.