माउथगार्ड घाला आणि ‘कबड्डी कबड्डी’ म्हणून बघा

आजच्या भागाचं हे शब्दांकन.

कागलच्या एका श्रोत्यानं विचारलंय, “पोराला माउथगार्ड घेऊन दिला, पण तो घालतच नाही. दम कोंडतो म्हणतो. काय करू?”

पोराचं खोटं नाही. मीही कागलात कबड्डी खेळायचो, तेव्हा दुकानातला तयार गार्ड घेतला होता. चढाईत ‘कबड्डी’ म्हणायला तोंड उघडलं की गार्ड खाली! पंचांना आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे, नाहीतर चढाई वाया. दोन दिवसांत गार्ड पिशवीत गेला. पुढं एकदा पकड करताना गुडघा लागला आणि समोरच्या दाताचा तुकडा उडाला. गार्ड होता, पण पिशवीत.

बॉक्सिंगमध्ये गार्ड सक्तीचा असतो. कबड्डीत, तालमीत तो आपल्या मर्जीवर, म्हणून सोय महत्त्वाची. नीट बसला तरच पोरं घालतात.

प्रकार तीन. पहिला तयार, माझ्यासारखा. तो दातांनी दाबूनच धरावा लागतो. दुसरा गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा. स्वस्त आणि बरा. तिसरा दंतवैद्य दातांचा साचा घेऊन बनवतात. महाग, पण श्वासाला आणि बोलायला सगळ्यात सोयीचा.

दुसरा घेतलात तर पाकिटावर लिहिलंय तेवढेच सेकंद पाण्यात ठेवा. बाहेर काढून क्षणभर गार पाण्यात बुडवा, म्हणजे तोंड भाजणार नाही. वरच्या दातांवर बसवून चावा, बाहेरून बोटांनी दाबा, आतून जिभेनं. मागचं टोक लांब असलं की उमासा येतो. ते कात्रीनं थोडं कापा.

आता परीक्षा. तोंड उघडा. गार्ड पडला नाही पाहिजे. मग ‘कबड्डी कबड्डी’ म्हणा. शब्द कळले की बसला.

धुवायचा गार पाण्यानं. उन्हात गाडीवर ठेवलात तर वाकडा होतो. लहान पोरांचे दात बदलत असतात, त्यांना गार्डही बदलावा लागतो.

आणखी एक. गार्ड दात आणि ओठ वाचवतो. डोक्याला मार बसला तर त्याच्यावर विसंबू नका, डॉक्टरच गाठा. पक्का दात मुळासकट निघाला, तर मुळाला हात न लावता तो दुधात टाका आणि अर्ध्या-पाऊण तासात दंतवैद्याकडं पळा. दूध तर आपल्याकडं घरोघरी आहे.

बसतंय का बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात.