हिब्रू रॉकचा अरुणोदय : ‘चर्चिल्स’

१९६० च्या दशकात इस्रायली लोकप्रिय संगीताची सूत्रे बहुतांशी सैनिकी गायनपथकांच्या हाती होती. आणि विद्युत् गिटारीच्या संगीताविषयी सरकारदरबारी एवढी साशंकता होती की, बीटल्सच्या नियोजित कार्यक्रमासाठी लागणाऱ्या परकीय चलनाला संबंधित समितीने मंजुरीच दिली नाही. अशा प्रतिकूल काळात, १९६५ साली, इत्झाक क्लेप्तर या तरुण गिटारवादकाच्या पुढाकाराने ‘चर्चिल्स’ हे पथक उभे राहिले.

पुढे क्लेप्तर बाहेर पडला. परंतु हाईम रोमानोची गिटार आणि मिकी गाव्रिएलोवची बास गिटार यांना इंग्लंडच्या रॉब हक्सलीची व कॅनडाच्या स्टॅन सॉलोमनची जोड मिळाली. मात्र १९६८ मधील त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका इंग्रजीत होती.

हिब्रूचे द्वार उघडले ते आरिक आइन्स्टाइनमुळे. स्वतः ‘नाहाल’ या सैनिकी पथकात घडलेल्या या गायकाने १९६९ च्या ‘पूझी’ या ध्वनिमुद्रिकेसाठी चर्चिल्सची साथ घेतली. आणि गिटारीचा रांगडा, घरघरता स्वर व आइन्स्टाइनचा संथ, संभाषणासारखा कंठ यांच्या संयोगातून जे घडले, त्याला पहिली हिब्रू रॉक ध्वनिमुद्रिका मानण्याचा प्रघात आहे.

पथक पुढे इंग्लंडला गेले, ‘जेरिको जोन्स’ झाले आणि कालांतराने विसर्जित झाले. तथापि गाव्रिएलोवने आइन्स्टाइनसाठी रचलेल्या चाली इस्रायलच्या घराघरांत पोहोचल्या. प्राचीन प्रार्थनांची भाषा तरुणांच्या नव्या आवेगालाही तितक्याच समर्थपणे वाणी देऊ शकते, हे सिद्ध करण्यात या वादकांचा वाटा निःसंशय मोठा आहे.